न्यू गिलियडचं गवत

केझाया बेंड, अलाबामा
१९ फेब्रुवारी १९६१

लुव्हेनिया,

तुझं नाताळचं कार्ड काल पोचलं. पाकिटावर गावाचं नाव होतं, जिल्ह्याचं नव्हतं. शिकागोत बायकांचे केस सरळ करता करता पत्ता सरळ लिहायचं विसरलीस वाटतं. कार्डावरचं बर्फ मात्र छान आहे.

आता ऐक. आपल्याला बुडवायचं ठरलं आहे. नदीच्या खालच्या अंगाला वीज कंपनी धरण बांधते आहे आणि त्याचं पाणी पुढच्या हिवाळ्यात केझाया बेंडवर चढणार. घरं, शेतं, शाळा, चर्च, सगळं पाण्याखाली. तुझ्या-माझ्या आज्यांनी, गुलामी सुटल्यावर, ही जमीन घेतली ती कशामुळे मिळाली आठवतं ना? दरसाल पूर येतो म्हणून कुणी गोरा तिला हात लावत नव्हता. पाण्यामुळे मिळाली, आता पाण्यासाठीच घेतायत. या लोकांना लाज नाही, आणि कल्पनाशक्तीही नाही.

घरांचं जे व्हायचं ते होवो. माझा जीव अडकला आहे तो चर्चमागे पुरलेल्या आपल्या माणसांत. माझी आई तिथे आहे, तुझी आई तिथे आहे, माझं एकुलतं एक लेकरू तिथे आहे. जिच्यावरून गावाला नाव पडलं ती पहिली केझाया आणि तिच्याबरोबर त्या कापसाच्या जिनाच्या तुळया खांद्यावर वाहून आणणारे सगळे तिथे आहेत. ज्या जिनात त्यांनी मालकाच्या कापसाची सरकी काढली, त्याच तुळयांचं त्यांनी न्यू गिलियड चर्च उभं केलं. एकदा पांढऱ्या टोप्या घातलेल्या गोऱ्यांनी येऊन ते जाळलं, तरी तुळया जळाल्या नाहीत. त्यांना बहुधा सवय होती.

कंपनीचा माणूस सभेला चर्चमध्येच आला. मिस्टर ट्रॅमेल. पहिल्याच वाक्यात मला ‘आंटी’ म्हणाला, काळ्या बाईला ‘मिस’ म्हणावं लागू नये म्हणून. मी म्हटलं, “माझ्या एकाही भावाला तुमच्या रंगाचा मुलगा झालेला नाही. निदान आमच्या बाजूने कुणी तसं कबूल केलेलं नाही.” आपल्या चर्चच्या डिकन अबशालोमला एवढा खोकला आला की त्याला बाहेर न्यावं लागलं. नंतर मला म्हणतो, “मिस डोशा, तुमच्या जिभेपायी आम्ही सगळे एक दिवस जळू.” मी म्हटलं, “बुडणार आहात हो. जळणार कसे?”

ट्रॅमेलचं म्हणणं असं, की ज्या कबरीवर खूण असेल तेवढीच कंपनी उकरून वर टेकडीवर नेईल. बाकीच्या तशाच राहतील. मी विचारलं, खूण म्हणजे काय? म्हणाला, दगड. आपल्याकडे दगड आहेत चौदा. आणि माणसं? पण लुव्ही, मी न्यू ऑर्लिन्सच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांच्या हाताखाली शिकले आहे. कागदावर काय लिहून घ्यायचं आणि सही कुठे घ्यायची हे त्यांनी मला छडीने शिकवलं. मी जे लिहून घ्यायचं ते घेतलं. सगळेच्या सगळे वर येतील. कसे, ते इथे लिहीत नाही, कारण आपला पोस्टमास्तर ट्रॅमेलचा मेहुणा आहे आणि आमची पत्रं वाफेवर धरतो. (वाचत असाल तर, साहेब, डिंक जरा बरा लावत जा.) तू याच मातीतली आहेस, तुला कळेल.

जूनमध्ये कंपनीची माणसं कबरींच्या मोजणीला येणार आहेत. ऑगस्टात बाहेरगावच्या सगळ्यांनी घरी यायचा रविवार इथला शेवटचा असेल. यंदा तरी ये. दर साली तुझ्याऐवजी नव्या टोपीतला तुझा फोटो येतो.

तुझी मावसबहीण,
डोशा

•

शिकागो
१२ मार्च १९६१

प्रिय डोशा,

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि दोन गिऱ्हाइकांसमोर रडले. मग त्याही रडल्या, त्यातली एक तर जॉर्जियाची आहे, तिचा बेंडशी काही संबंध नाही.

सगळे वर येतील म्हणतेस, मग माझ्या मनावरचं ओझं उतरलं. तू म्हणालीस म्हणजे झालं. लहानपणी तू म्हणायचीस तसा पाऊससुद्धा पडायचा.

पण डोशा, एक बोलू का, रागावू नको. ती माणसं जूनमध्ये येणार, तेव्हा त्यांना काय दिसणार? मला आठवतंय ते डोळ्यांसमोर येतं आणि कानशिलं तापतात. उघडीबोडकी लाल माती आणि जिकडेतिकडे फुटक्या बशा, कान तुटलेले जग, काच गेलेले कंदील, शिंपले, कुणाचं तरी थांबलेलं घड्याळ. इथे आमच्या चर्चच्या बायकांना मी एकदा सांगितलं, तर एकीने विचारलं, “म्हणजे तुम्ही माणसं उकिरड्यात पुरता?” मी म्हटलं, छे, तसं नाही. पण कसं ते मला सांगता येईना. आईच्या छातीवर तो फुटका कप आहे ना अजून? निळ्या वेलीचा? मला त्याची स्वप्नं पडतात.

इथे दफनभूमी म्हणजे बाग असते गं. हिरवंगार कापलेलं गवत, पायवाटा. ती गोरी माणसं आपल्याला आधीच काय काय समजतात. निदान मेलेल्यांकडे बघून तरी त्यांनी नाक मुरडू नये.

इथे बेंडचे आम्ही बरेच जण आहोत, दर महिन्याला भेटतो. आमच्याने काही करता येईल का? कळव. पाळक पिंकार्डनाही लिहिते आहे. तरुण आहेत, त्यांना पटेल.

ऑगस्टचं बघते. दुकान कुणावर टाकणार?

तुझी,
लुव्ही

•

केझाया बेंड
९ एप्रिल १९६१

मिस लुव्हेनिया यांस,

मी डिकन अबशालोम. माझ्या डोळ्यांनी आता काही दिसत नाही, म्हणून हे पाळकांच्या बायकोकडून लिहून घेतो आहे. अक्षर चांगलं असेल तर ते तिचं, चुका माझ्या.

मिस डोशा पडल्या. घंटेचा दोर झिजला म्हणून शिडीवर चढल्या होत्या. आम्ही म्हटलं तुम्ही चढू नका, तर म्हणाल्या, “तुमच्यापैकी कुणाला घंटा दिसते तरी का?” खुब्याचं हाड मोडलं. सेल्मा गावच्या काळ्यांच्या इस्पितळात आहेत. डॉक्टर म्हणतात मे संपेपर्यंत उठायचं नाही. पहिले बरेच दिवस तापात होत्या, लॅटिनमध्ये बोलत होत्या. नर्सला वाटलं भूत लागलं. तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवता आलं नाही.

पाळक म्हणाले की दफनभूमीच्या साफसफाईसाठी तुम्ही शिकागोहून माणसं लावताय आणि तुमचं नि मिस डोशांचं तसं ठरलं आहे. ठरलं असेल तर माझी ना नाही. दर वसंतात आम्ही ती खुरप्याने खरवडून काढायचो, गवताचं पातं ठेवायचो नाही. यंदा हातच नाहीत. तरुण तिकडे, म्हातारे असे. तुम्ही माणसं पाठवता ते बरंच झालं.

मी रोज तिथे अनवाणी जातो. दिसत नसलं तरी पायांना कळतं कोण कुठे आहे.

डिकन अबशालोम

•

शिकागो
१४ मे १९६१

प्रिय डोशा,

आता ताप गेला, तू नर्सना व्याकरण शिकवायला लागलीस, असं पाळकांनी कळवलं, तेव्हा जिवात जीव आला. म्हणून आता सांगते. तुझ्यासाठी एक आनंदाची बातमी आहे. बसून वाच.

आपली दफनभूमी तुला ओळखू येणार नाही! आम्ही शिकागोच्या सगळ्यांनी मिळून केलं. ट्रकवाली चार तरणी मुलं लावली. त्यांनी सगळं ते फुटकं-तुटकं पिंपांत भरून ओढ्यापलीकडच्या घळीत नेऊन टाकलं. जमीन सपाट केली आणि तयार गवताचे पट्टे आणून अंथरले, वरून पाणी मारलं. चौदा दगड घासूनपुसून पांढरे केले. पाळक लिहितात, जणू एखाद्या बड्या घरचं अंगण. आईला शेवटी मखमलीवर निजवलं गं मी. तिच्या मातीला मी येऊ शकले नाही, तू एकटीने तिला आंघोळ घातलीस, ते मला कधी विसरता आलं नाही. आता जरा हलकं वाटतं.

(दुसरं पान)

पाळकांनी फोटो काढून पाठवला, तो माझ्या दुकानात आरशाच्या वर लावला आहे. एक प्रत मी कंपनीच्या त्या मिस्टर ट्रॅमेलना पाठवली, चांगलं पत्र लिहून. मागे लिहिलं, “न्यू गिलियड बाप्टिस्ट चर्चची दफनभूमी, मे १९६१. आम्ही आमच्या मृतांची काळजी घेतो.” म्हटलं, माणूस यायच्या आधीच त्याला कळू दे की कुणाशी गाठ आहे. तूही हेच केलं असतंस, फक्त तू त्याचं स्पेलिंग तपासलं असतंस.

लवकर बरी हो. या जूनमध्ये ते येतील तेव्हा ताठ मानेने उभी राहा.

तुझी,
लुव्ही

•

केझाया बेंड
३० मे १९६१

लुव्हेनिया,

हे पत्र टपालाने येत नाही. आपल्या गावचा लेम्युएल रेल्वेच्या झोपायच्या डब्यावर पोर्टरचं काम करतो, त्याच्या हातून पाठवते आहे. तो तुझ्या दुकानात आणून देईल. त्याला खायला घाल.

तुझं पत्र मला इस्पितळातून निघायच्या दिवशी मिळालं. पहिलं पान वाचलं आणि पाकिटासकट स्टोव्हमध्ये घातलं. पुढे अजून काहीतरी होतं, तुझ्या दुकानाचं किंवा टोप्यांचं असेल. मला वाचायचं नव्हतं.

मी तुला मूर्ख म्हणणार नाही. मूर्खांना मी शाळेत तीस-पस्तीस वर्षं शिकवलं आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कळायला लागलं.

ती भांडी, लुव्हेनिया, हीच आपली खूण होती. तेच मी ट्रॅमेलकडून लिहून घेतलं होतं. ‘दगड, अथवा कुटुंबाने कबरीवर ठेवलेली कोणतीही वस्तू’, आणि खाली त्याची सही. सही करताना तो हसला. म्हणाला, “फुटक्या बशीसाठी कबर उकरायची? ठीक आहे आंटी, एका बशीला एक कबर.” मी मनात म्हटलं, हस बाबा. एकशेऐंशीच्या वर बशा आहेत माझ्याकडे. केझायाचा निळा जग सगळ्यांच्या पुढे, कारण ती पहिली. माझ्या बाळाची वाटी. तुझ्या आईचा कप. तो मी स्वतः फोडला. शेवटचा घोट मीच पाजला होता, आणि माणूस गेलं की ज्यातून ते शेवटचं प्यायलं ते घरच्याने फोडायचं, म्हणजे मरण तिथेच तुटतं, दुसऱ्या कुणाला हाक मारत नाही. हे तुला मी शिकवलं होतं, तू सात वर्षांची असताना, तुझ्या आजोबांच्या बशीवर तू पाय दिलास म्हणून कानाखाली वाजवून. शिकागोच्या बायकांना ‘कसं ते सांगता येईना’ म्हणतेस. एवढं सांगायचं होतंस.

मी काल तिथे गेले. काठीवर. गवत! कंपनीच्या साहेबाच्या घरापुढे असतं तसं. चौदा दगड गोल्फच्या झेंड्यांसारखे उभे. बाकी कुणीच नाही. डिकन अबशालोम बूट काढून मधोमध उभा होता आणि पायाने चाचपत होता. मला म्हणाला, “मिस डोशा, कुणीतरी गालिचा घातलाय. मला कुणी सापडत नाही.” आणि तो म्हातारा रडला. मी रडले नाही. मला राग आला की रडू येत नाही, आणि मी सदैव रागात असते, त्यामुळे सोय आहे.

पाळक पिंकार्डला मी विचारलं, “तुम्हाला पाळक करताना सेमिनरीत काय शिकवतात?” म्हणाला, “मला वाटलं तुमचं ठरलंय.” म्हटलं, “वाटणं वेगळं आणि विचारणं वेगळं. मी सेल्मात होते, स्वर्गात नव्हते.”

पण अजून सगळं गेलेलं नाही. पिंपं घळीत आहेत. आम्ही म्हाताऱ्यांनी कालपासून ती वर आणायला सुरुवात केली आहे. कुठलं कुणाचं, जेवढं आठवतं तेवढं त्यांच्या जागी ठेवू. पुढच्या दोन-तीन रांगा मला बोटाने दाखवता येतील. बाकीचं… बाकीचं अंदाजाने ठेवू. होय, मी अंदाजाने ठेवणार. सिस्टर फेलिसिताने मला खोटं बोलले म्हणून तांदळावर गुडघे टेकायला लावले होते, तेव्हापासून मी खोटं बोललेली नाही. आता बोलते. गवत कापून खाली बशी रोवली की ती केव्हाची आहे हे कोण सांगणार? ट्रॅमेलने आतापर्यंत ही जागा पाहिलेली नाही. सभा संपल्यावर चर्चच्या दारातूनच परत गेला होता, बुटांना चिखल लागेल म्हणून. १३ जूनला तो पहिल्यांदा बघेल, आणि त्याला जिकडेतिकडे बशा दिसतील.

तू आता काहीही करू नकोस. काहीही.

डोशा

•

शिकागो
५ जून १९६१

डोशा,

लेम्युएल उद्याच्या गाडीने परत निघतो आहे, त्याच्या हातात हे देते. त्याला सांगितलं आहे, मिस डोशाच्या हातात द्यायचं आणि समोर उभं राहून उघडायला लावायचं.

तू दुसरं पान वाचलं नाहीस. डोशा, दुसऱ्या पानावर होतं, मी तो फोटो ट्रॅमेलला पाठवला आहे. स्वच्छ गवताचा. त्यावर तारीख आहे. माझ्या हातची.

बशा ठेवू नकोस. त्याला सरळ सांग, माझ्या मूर्ख बहिणीने उचलल्या, तिला बोलवा, ती येऊन सांगेल. मी येते. दुकान बंद करून येते. कोर्टात सांगायचं तर कोर्टात सांगते. त्याने सही केली आहे ना? खरं सांगितलं तर तो कदाचित ऐकेल. पण बशा ठेवल्यास तर आपण खोटे ठरू आणि मग तो काहीच ऐकणार नाही.

मला हवं ते बोल, पण उत्तर दे. येऊ का? मी बॅग भरून बसले आहे.

लुव्ही

•

केझाया बेंड
२ जुलै १९६१

लुव्हेनिया,

तू दोन पत्रं टपालानेही पाठवलीस, पोचली. उत्तर दिलं नाही कारण लिहायला बसले की अक्षर बिघडायचं, आणि गिचमिड अक्षरात पत्र पाठवायची माझी पद्धत नाही.

जे झालं ते सांगते, एकदाच.

लेम्युएल तुझं पत्र घेऊन आला, तेव्हा मी गुडघ्यावर बसून बशा रोवत होते. तो म्हणाला, “मिस डोशा, ती म्हणाली आत्ताच्या आत्ता उघडा.” मी म्हटलं, “तिला लहानपणापासून सगळं आत्ताच्या आत्ता हवं असतं. ठेव तिथे.” तो म्हणाला, “मला उभं राहायला सांगितलंय.” म्हटलं, “मग उभा राहू नकोस, हे पिंप उचल.” त्याने पिंप उचललं. पत्र मी एप्रनच्या खिशात घातलं आणि रात्री एप्रन खुंटीला लावला.

१३ तारखेला ट्रॅमेल दोन माणसं घेऊन आला. लाल झेंड्यांच्या काठ्यांचा भारा होता. मी पुढे, काठी टेकत, तो मागे. मी नाव सांगायचं, त्याच्या माणसाने झेंडा रोवायचा. केझाया. जोनास आणि त्याची जुळी. रूथ, जी पोहून नदी ओलांडून इकडे आली. माझी आई. माझा मुलगा, त्याला नाव ठेवायचं राहून गेलं होतं, मी म्हटलं, “लिहा, नुसतं आमचं आडनाव, प्रुइट.” डिकन अबशालोम कुंपणाला धरून उभा होता आणि प्रत्येक नावाला “आमेन” म्हणत होता. मागच्या रांगांत मला जी नावं आठवतील ती मी देत गेले. कुणीच वगळलं नाही. दुपारपर्यंत ते सगळं गवत लाल झेंड्यांनी भरून गेलं, लुव्ही. मला वाटलं जमलं. देवाला सांगितलं, हे एक खोटं माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन.

ट्रॅमेल झेंडे बघत उभा राहिला. मग ट्रकपाशी गेला आणि एक पाकीट घेऊन आला. म्हणाला,

“आंटी, हे अक्षर ओळखतेस?”

मी फोटो पाहिला. मग मागची बाजू पाहिली. तुझ्या ‘टी’ची रेघ अजून अर्ध्यातच थांबते.

“इथे तर मला एक बशी दिसत नाही,” तो म्हणाला. “मेमध्ये नव्हत्या, जूनमध्ये उगवल्या?”

मी म्हटलं, “होत्या. काढल्या. परत ठेवल्या.”

“जिथे होत्या तिथेच?”

आणि बघ, त्या वेळी मला खोटं बोलता आलं असतं. सकाळपासून बोलतच होते. पण मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यात मी गप्प राहिले तो हाच एक क्षण, आणि तोच महाग पडला.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता येतं. शांतपणे म्हणाला, “मी त्या कागदावर सही केली होती. तू हसशील, पण मी ती पाळणार होतो. माझी आजी डोंगरातली आहे, तीही कबरीवर शिंपले ठेवते. हा फोटो आला तेव्हा मला वाटलं, यांनी स्वतःच सगळं मिटवून टाकलंय, आता विषयच संपला. तरी तू येऊन खरं सांगितलं असतंस तर मी साहेबांशी बोललो असतो. आता काय सांगू? की म्हातारीने मला दिवसभर खोट्या कबरी दाखवल्या?”

आणि त्याच्या माणसांनी झेंडे उपटायला सुरुवात केली. चौदा ठेवले. झेंडा निघताना एक बारीक आवाज येतो, ओल्या मातीतून काहीतरी सुटल्यासारखा. अबशालोमला दिसत नव्हतं. त्याला वाटलं ते अजून रोवतायत. तो प्रत्येक आवाजाला “आमेन” म्हणत राहिला, आणि त्याला थांबवायची कुणाची छाती झाली नाही. माझीही नाही.

तो खरं बोलत होता का, हे मला माहीत नाही. पूर्वी मी म्हटलं असतं, हे लोक कधीच खरं बोलत नाहीत. तेवढाही आधार आता राहिला नाही.

घरी येऊन एप्रनच्या खिशातलं पत्र उघडलं.

तू येऊ नकोस. बघायला काही नाही.

डोशा

•

शिकागो
६ ऑगस्ट १९६१

डोशा,

आज तिकडे घरी यायचा रविवार. मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लिहिते आहे. फोटो आरशावरून काढला. तिथे भिंतीच्या कागदावर चौकोन उमटलाय, गिऱ्हाइकं विचारतात इथे काय होतं.

तू येऊ नको म्हणालीस, मी आले नाही. नेहमी मी येत नसे तेव्हा तू रागवायचीस. आता तूच सांगितलंस, आणि मला कळलं की तो राग किती बरा होता.

या पत्राबरोबर एक खोका पाठवते आहे. मेमध्ये त्या मुलांना मी सांगितलं होतं, आईचा निळ्या वेलीचा कप तेवढा बाजूला काढा आणि मला पाठवा. त्यांनी पाठवला, चार तुकडे, कापडात गुंडाळून. इथे एक पोलिश बाई चिनी मातीची भांडी जोडून देते. तिने इतका सुरेख जोडला आहे की चीर शोधावी लागते. मला वाटलं होतं मी तो कपाटात ठेवीन, आईची आठवण म्हणून. पण मला तो घरात ठेवता येत नाही. रात्री मी दिवा लावून त्याच्याकडे बघत बसते.

तो तिच्या जागेवर ठेव. कंपनी नेणार नाही हे कळलं. तरी ठेव. तिच्यावर पाणी येईल तेव्हा तिच्यापाशी तिचं काहीतरी असू दे. जागा तुला ठाऊक आहे, तूच तिला तिथे ठेवलंस.

एवढं कर. मग मला पुन्हा पत्र नाही लिहिलंस तरी चालेल.

लुव्ही

•

नवी वस्ती, टेकडीवर
२१ जानेवारी १९६२

लुव्ही,

पत्ता बदलला आहे, वर बघ. ‘नवी वस्ती’ हे नाव कंपनीने दिलं. त्यांच्याकडून एवढीच अपेक्षा होती.

खोका ऑगस्टातच मिळाला होता. मी कप घेऊन गेले होते, त्याच आठवड्यात. डिकन अबशालोम बरोबर होता. तुझी आई, पर्नीशामावशी, कुठे आहे हे मी झोपेतही सांगितलं असतं: जोनासच्या कंदिलापासून ओढ्याकडे दुसरी, शिंपल्यांच्या अलीकडे. पण कंदील नाही, शिंपले नाहीत. मी रोवलेले होते तेही ट्रॅमेलच्या माणसांनी गोळा करून नेले. गवत तेवढं फार छान आलं होतं, तुमचे पैसे वाया गेले नाहीत. मी इकडे उभी राहिले, मग तिकडे. अबशालोम अनवाणी फिरला. एकदा म्हणाला “इथे”, मग म्हणाला “नाही, ही माझी बायको असेल.” मग आम्ही दोघं गवतावर बसलो. मी कप परत आणला. अंदाजाने ठेवायचं मी एकदा केलं आहे.

चौदा जणांना वर आणलं. बाकीचे खाली आहेत. चर्च पाडलं. मी म्हटलं होतं, निदान त्या तुळया द्या, ज्यांनी गुलामी पाहिली आणि आग पाहिली. ट्रॅमेलच्या जागी आलेला मुलगा म्हणाला, “हो आंटी, विचारतो.” विचारून येईपर्यंत बुलडोझरवाल्याने त्यांचा ढीग करून पेटवला होता. या वेळी जळाल्या. पाळक पिंकार्ड बर्मिंगहॅमला गेला. तिथे त्याला मोठं चर्च मिळालं आहे, पुढे गवत असलेलं.

अबशालोम ऑक्टोबरात गेला. शेवटपर्यंत म्हणत होता, मला खाली ठेवा, अजून पाणी आलेलं नाही. परवानगी मिळाली नाही. इथे वर, कंपनीच्या नव्या दफनभूमीत ठेवला. फाटकावर पाटी आहे: ‘कबरींवर कोणत्याही वस्तू ठेवू नयेत. गवताची निगा कंपनी राखील.’ त्याच्याकडे कुणी घरचं उरलं नव्हतं, म्हणून त्याचा टिनचा मग मीच घेतला. टिन फुटत नाही, मी कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठेचला आणि मातीत दाबला. चार दिवसांनी गेले तर गवत कापणाऱ्याने उचलून कचऱ्यात टाकला होता. कंपनी शब्दाला पक्की आहे, निगा राखते.

नाताळनंतर पाणी आलं. मला वाटलं होतं लोंढा येईल, आवाज होईल. काहीच नाही. सकाळी उठावं तर कुंपण थोडं आखूड झालेलं असतं. चर्चची जागा उंचावर, म्हणून ती शेवटी गेली. परवा सकाळी मी बघितलं तर तेवढं हिरवं गवत पाण्याच्या वर होतं, चौकोनी, तुझ्या फोटोसारखं. दुपारी नव्हतं.

तुझ्यावर राग आहे का, हे तू विचारलं नाहीस, पण प्रत्येक ओळीत तेच आहे. शोधला. सापडला नाही. मला फार एकटं वाटतं त्याच्यावाचून.

तुझ्या पोलिश बाईचं काम मात्र खरंच सुरेख आहे. चार ठिकाणी तुटलेला कप, पण थेंब गळत नाही. मी पाहिलं. आधी पाणी घालून पाहिलं, मग कॉफी. आता रोज सकाळी त्यातूनच पिते, म्हणजे शेवटचं ज्यातून प्यायचं ते ठरल्यासारखंच आहे. माझ्याकडेही घरचं कुणी उरलेलं नाही.

तेव्हा मी गेल्याचं कळलं की दुकान बंद करून तू ये आणि हा फोड. नीट फोड, जोडता येणार नाही असा. कुठे ठेवायचा ते मात्र मला विचारू नकोस.

डोशा